केळीच्या पानातला झोका

आषाढात कुणी घर बदलत नाही. भाद्रपदाचा पहिला पंधरवडा गणपतीचा, दुसरा पितरांचा. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने धुळ्याचं घर सोडून जळगावला आमच्याकडे राहायला यायचं कबूल केलं, तेव्हा तिच्या हाती श्रावण तेवढा उरला होता. त्यातही आमच्या खानदेशी कानबाईच्या सणाचा रविवार होऊन गेल्यानंतरचा. पंचांग करणाऱ्यांनी ग्रहताऱ्यांचा बारकाईने विचार केला आहे यात शंका नाही, पण लोखंडी कपाट टेम्पोत चढवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी.

बहिणीला सगळेच अक्का म्हणतात. मी, माझी बायको, दूधवाला, आणि भांडण चालू नसेल तेव्हा तिच्या कॉलनीतले लोकही. यजमान गेल्यापासून ती धुळ्याच्या भाड्याच्या घरात एकटी राहत होती. मूलबाळ नाही. आम्ही बोलवायचो, ती "बघू" म्हणायची. मग ज्येष्ठात ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, गुडघा तेवढा दुखावला. पण हाक ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून भांडी घासणारी बाई येईपर्यंत ती दुपारभर तिथेच बसून राहिली. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, भांडीवालीने सांगितलं. ते ऐकून माझी बायको एकटीच धुळ्याला जाऊन आली. दोघींत काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाली, "येतात म्हणाल्या. पण अट आहे."

अट झोक्याची होती.

आमच्याकडे खानदेशात झोका ही गंमत म्हणून टांगलेली वस्तू नसते. ती घरातली मुख्य बैठक असते. अक्काचा झोका म्हणजे हाताच्या पंज्याएवढ्या जाडीची सागवानी फळी आणि पितळी कड्या. तिच्या लग्नानंतर लगेच करून घेतलेला. त्याला पॉलिश कधी लागलं नाही. दर दिवाळीला तेल लागायचं, त्यामुळे फळीला जुन्या तपकिरी रंगाची चमक आली होती. भाजी निवडणं, पेपर वाचणं, शिवणाची मापं घेणं, शेजारणीचं ऐकणं आणि तिला सुनावणं, सगळं अक्का झोक्यावर बसून करायची. जमिनीवर बसायला तिचे गुडघे तयार नसत आणि खुर्चीवर बसायला तिचा स्वभाव.

झोक्याचे कायदेही होते. ओल्या कपड्यांनी बसायचं नाही. पाय वर घेताना चप्पल काढायची. आणि रिकामा झोका हलू द्यायचा नाही, कधीच नाही. रिकामा झोका हलला की घराला लागतं, असं तिची सासू म्हणायची. अक्का देवधर्माच्या बाबतीत तशी सैल होती, सासूच्या तर बऱ्याच गोष्टी तिने तिच्या हयातीतच मोडल्या होत्या, पण एवढी एक पाळायची. झोक्यावरून उठताना ती हाताने फळी धरून ठेवायची आणि पूर्ण थांबल्यावरच सोडायची. वाऱ्याने हलला तर स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोनी तरी बसा रे तठे!" लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचो तेव्हा हा कायदा माझ्या फार सोयीचा होता.

मी फोन केला तेव्हा तिने अट स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती रागात किंवा महत्त्वाच्या विषयावर आली की शाळेची मराठी सोडून घरच्या अहिराणीत शिरते.

"झोका कोरडा पोचना ते मी ऱ्हासू. फुगना, तडकना, नहीते उलटी फिरसू. किल्ली महिनाअखेरलोंग मन्हाकडेच शे."

झोका कोरडा पोचला तर राहीन, नाहीतर परत. आणि घराची किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडेच आहे. अर्थ स्पष्ट होता. कुणाच्या घरी जाऊन राहायचं तर परतीचं दार उघडं ठेवून जावं, ही तिची जुनी पद्धत. माहेरीही ती अशीच यायची. मला त्या दुपारभर न्हाणीघरात बसलेल्या अक्काची भीती वाटत होती, झोक्याची नव्हती. पण एकाचं नशीब दुसऱ्याला बांधलेलं होतं.

मी आधी एका सामान हलवणाऱ्या कंपनीला विचारलं. त्यांचा प्रतिनिधी घरी आला. गळ्यात टाय, हातात टॅब्लेट. 'सामान' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. आमच्याकडे 'शिफ्टिंगची गरज' होती आणि त्याच्याकडे 'मान्सून सोल्यूशन'. फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक, तीन थरांचा पुठ्ठा, गाडी कुठे पोचली ते मोबाइलवर बघायची सोय. मी आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं आहे, त्यामुळे मला कुठल्याही कागदाचं शेवटचं पान आधी वाचायची सवय. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की पावसाच्या पाण्याने झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.

"मग यातलं मान्सूनचं काय आहे?" मी विचारलं.

"सर, आम्ही मान्सूनमध्ये सेवा देतो," तो म्हणाला.

बायकोने त्याला चहा दिला आणि निरोप दिला. मग ती म्हणाली, "असोद्याचा तो केळीवाला रोज धुळ्याला माल टाकून रिकामाच येतो ना? त्याला सांगा. केळी म्हणजे फर्निचरपेक्षा नाजूक."

हे मला पटलं. जळगाव जिल्ह्यात ज्याला केळी न डागता पोचवता येते त्याच्याविषयी लोकांच्या मनात एक आदर असतो. हा पिकअपवाला आमच्या गल्लीत भाडेकरूंचं सामानही टाकून जायचा. त्याला बोलावलं. उंच, मिशीवाला, अत्यंत आत्मविश्वासू माणूस. असोद्याकडच्या बोलीत 'ळ' फारसा टिकत नाही, त्याचा 'य' होतो.

"कायजी नका करू, काका," तो म्हणाला. "आमी केयीले डाग पडू देत नाही. हे तं लाकूड हाये."

या वाक्याची आठवण पुढे निघणार होती.

ठरलेल्या दिवशी मी सकाळच्या बसने धुळ्याला पोचलो. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. पिकअप केळी उतरवून दारात उभी होती आणि ड्रायव्हर कामाला लागलेला होता. त्याची पद्धत मला आवडली. गाडीच्या फळ्यांवर त्याने आधी प्लॅस्टिकचे रिकामे क्रेट उलटे मांडले, म्हणजे खालून पाणी वाहिलं तरी सामानाला लागू नये. क्रेटवर वाळक्या पानांचा थर. कपाटाची दारं अक्काच्या जुन्या साडीच्या पट्टीने बांधली. पलंग सुटा केला आणि त्याचे स्क्रू औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून बाटली अक्काच्या हातात दिली. गाद्या प्लॅस्टिकमध्ये. शिलाई मशीन उभं, कपाटाच्या कुशीत. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी तो तिच्याकडे मान तिरकी करून बघायचा.

"हे कच्चं हाये का पिकलेलं?" सोफ्याकडे बघून त्याने विचारलं.

"पार पिकलेलं," अक्का म्हणाली. "हात लावला तर सालीसकट येईल."

"मंग हे वरती. पिकलेला माल वरती ठेवा लागतो."

झोका शेवटी काढायचा होता, कारण तोपर्यंत अक्का त्यावर बसून हुकूम देत होती. कड्या तिने स्वतः समोर उभं राहून काढवून घेतल्या, कापडी पिशवीत भरल्या आणि ती पिशवी गव्हाच्या कोठीत खोल खुपसली. पितळ ओलं झालं की हिरवं पडतं आणि गव्हात ओल शिरत नाही, असं तिचं म्हणणं. फळी ओट्यावर भिंतीला टेकून ठेवली. आता एवढी चढवली, वर ताडपत्री बांधली की निघायचं. तेवढ्यात फाटकातून कॉलनीचं ज्येष्ठ नागरिक मंडळ आत आलं.

निरोप समारंभ होता. अक्काला कल्पना नव्हती. मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात शाल, एकाच्या हातात नारळ, एकाच्या हातात काचेचं सन्मानचिन्ह, आणि दोघांनी मिळून एक कर्णा उचलून आणलेला. कॉलनीत जेमतेम पंधरा माणसं जमली होती, ती हाताच्या अंतरावर उभी होती, पण ध्वनिक्षेपकाशिवाय सत्कार म्हणजे नुसतं बोलणं झालं असतं. अध्यक्षांशी अक्काचं गणपतीतल्या याच कर्ण्यावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. तो आज पांढरं फडकं गुंडाळून आलेला दिसला तेव्हा ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हाऊ कर्णा माले पोचाडाले उना." हा मला पोचवायला आलाय.

आणि मग भुरभुर सुरू झाली.

अध्यक्षांनी वर पाहिलं, मग पिकअपकडे पाहिलं. ड्रायव्हरने ताडपत्री उलगडून टपावर तयार ठेवली होती. "वा!" अध्यक्ष म्हणाले. "ही इथे वर बांधा. पाचच मिनिटांचा कार्यक्रम आहे."

"साहेब, ती सामानावर टाकायची हाये," ड्रायव्हर म्हणाला.

"हो, हो. पाच मिनिटं."

साहेब म्हटल्यावर माणसाला जो अधिकार प्राप्त होतो तो नंतर काढून घेता येत नाही. ताडपत्रीची दोन टोकं फाटकाला, दोन कडुनिंबाला बांधली गेली. मंडळ कोरडं झालं. सामान उघडं पडलं. भाषण सुरू झालं.

अक्काचा उल्लेख 'अक्कासाहेब' असा झाला. ती कॉलनीचा आधारवड असल्याचं कळलं. तिच्या शिवणाच्या क्लासमधून अनेक भगिनी स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्याचं कळलं, आणि हे खरंही होतं. मग अध्यक्ष स्वतःच्या कारकिर्दीकडे वळले आणि त्यांनी बसवलेल्या बाकांकडे आले. भुरभुरीचा पाऊस झाला. गाद्यांवरच्या प्लॅस्टिकवर तडतड वाजायला लागली.

ड्रायव्हर माझ्याजवळ आला. "काका, मागे केयी हाये ना?"

अक्काच्या परसात केळीचं बेट होतं. तो कोयता घेऊन गेला आणि पानांचा भारा आणि एक खोड घेऊन आला. खानदेशातल्या माणसाला पावसात काही झाकायचं असेल तर केळीच्या पानापलीकडे दुसरं काही सुचत नाही. मोठं, गुळगुळीत, पाणी धरत नाही. त्याने भराभर कपाट झाकलं, सोफा झाकला, मशीन झाकलं. मग ओट्यावर आला आणि झोक्याची फळी त्याने जी बांधली, ती अक्षरशः नव्या नवरीसारखी. खाली पान, वर पान, मध्ये पान. कडा आपटू नयेत म्हणून कापलेल्या खोडाची ओली सोपटं सोलून चारही बाजूंना दाबून बसवली आणि सुतळीने आवळली. मी छत्री धरून उभा होतो. थेंब आत जाणं शक्य नव्हतं. मी समाधानाने मान डोलावली.

केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही. ही गोष्ट जळगाव जिल्ह्यात रांगतं मूलसुद्धा जाणतं, कारण त्याच्या झबल्यावर तो असतो. तिथे उभे असलेले आम्ही दोघेही केळीच्या मुलखातले. त्याच्या स्वतःच्या शर्टावर असे वीस डाग होते आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होते. पण पाणी, पाणी, पाणी एवढंच डोक्यात असलं की माणसाला बाकी कशाचीच ओल दिसत नाही.

इकडे ताडपत्रीला मधोमध पोट आलं होतं. ते खाली खाली येत होतं. भाषणातला आधारवड अजून उभा होता. शेवटी शाल घातली गेली, नारळ दिला गेला, आणि अध्यक्षांनी माइक अक्कापुढे धरला. अक्काने तो हातात घेतला, एकदा फुंकून पाहिला.

"भाऊ, भाषन चांगलं शे," ती म्हणाली. "आते ताडपत्री सोडा."

हे कर्ण्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. कुणीतरी फाटकाकडची गाठ ओढली, पोट कलंडलं आणि सगळं पाणी बरोबर कर्ण्यात गेलं. कर्णा एकदा खरखरला आणि गप्प झाला. अक्काच्या चेहऱ्यावर तीन वर्षांनी समाधान दिसलं. अध्यक्षही हसले, तेवढं मात्र त्यांच्याकडून मी अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी स्वतः वाकून ताडपत्रीचं एक टोक धरलं, ड्रायव्हरला फळी चढवू लागले आणि अक्काला म्हणाले, "भांडायला येत जा अधूनमधून." अक्काने नारळ गाडीच्या चाकाखाली ठेवायला दिला.

आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर, मध्ये मी, खिडकीशी अक्का, मांडीवर स्क्रूची बाटली आणि सन्मानचिन्ह. मुकटी गाव मागे पडलं आणि पाऊस असा आला की समोरचा रस्ता पुसून टाकला. वायपर एका बाजूचाच चालत होता. ड्रायव्हरने गाडी हळू केली. अशा पावसात भरलेली गाडी पळवायची नाही, वळणावर माल सरकतो, एवढं तो एकदा म्हणाला आणि मग पारोळ्यापर्यंत गप्प बसून चालवत राहिला. हे मला भाषणापेक्षा बरं वाटलं.

खिडकीच्या काचेच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. अक्काने खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि फटीत कोंबली. पाणी थांबलं. सत्काराची शाल कामाला आलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"झोका?" तिने विचारलं.

"कोरडा हाये अक्का, थेंब जात नाही."

पारोळ्याला त्याने उतरून दोर आवळले आणि ताडपत्रीचा उतार मागच्या बाजूला करून घेतला, म्हणजे पाणी साचू नये. परत येऊन बसला तेव्हा नखशिखांत भिजला होता.

"झोका?"

"कोरडा, अक्का."

एरंडोलला चहा घेतला. अक्का गाडीतून उतरली नाही. टपरीवाल्याने ग्लास खिडकीतून दिला. तिने चहा संपवून ग्लास परत दिला. मग मला म्हणाली, "तिकडे मला उगाच कुणी विचारायचं नाही, जेवलीस का, झोपलीस का. सांगून ठेव तुझ्या बायकोला."

"नाही विचारणार."

"आणि न्हाणीत कडी आतून लावीन मी."

"लाव," मी म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं.

गिरणेच्या पुलावर नदी लाल होऊन वाहत होती. तिथून जळगाव आलंच. आमचं घर तळमजल्याला आहे, याचं सुख त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं. बायकोने दारापासून आतपर्यंत पोती अंथरून ठेवली होती, म्हणजे चिखलाचे पाय घसरू नयेत. कोरड्या फडक्यांचा ढीग दाराशी. प्रत्येक वस्तू आत आली की ती आधी पुसायची आणि मग भिंतीपासून वीतभर लांब ठेवायला लावायची, हवा खेळती राहावी म्हणून. गाद्या कोरड्या होत्या. कपाट कोरडं. सोफा वरच्या वर कोरडा. कोठीतल्या गव्हात हात घातला तर उन्हाळ्यातल्यासारखा गरम लागला, आणि कड्या निघाल्या त्या लखलखीत.

स्लॅबला हुक मी महिन्याभरापूर्वीच बसवून घेतले होते. आमचं छत धुळ्याच्या घरापेक्षा ठेंगणं, म्हणून प्रत्येक साखळीतली एकेक कडी कमी करावी लागली. मग ड्रायव्हरने सुतळी कापली आणि पानं उलगडायला सुरुवात केली. अक्का आरामखुर्चीत, आपल्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवी खाली ठेवायला तिने नकार दिला होता.

फळी अगदी कोरडी होती. थेंबसुद्धा नाही. आणि तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केळीचं पान उमटलं होतं. मधली शीर, आजूबाजूच्या रेघा, कडेला सोपटांचे काळपट पट्टे. तेल पिऊन बसलेल्या लाकडाने चीक आनंदाने पिऊन टाकला होता.

ड्रायव्हरने आणि मी फळी अडकवली, कारण हातात होती. अक्का उठली. तिने बोट ओलं करून डागावर घासलं, बोट नाकाशी नेलं.

"चीक," ती म्हणाली. मग ड्रायव्हरकडे बघून, "केळीवाला ना रे तू?"

त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. ते एवढं मोठं शरीर जरा आखूड झाल्यासारखं वाटलं. "पानी तं नाही लागलं ना, अक्का?" तो म्हणाला.

हा मुद्दा कायद्याने बरोबर होता. अट पाण्याची होती. मीही तोच धरून ठेवला. "तू म्हणालीस फुगला, तडकला तर. फुगलेला नाही. तडकलेला नाही."

"तू लायब्ररीत होतास की कोर्टात?" अक्का म्हणाली. ती परत खुर्चीत जाऊन बसली. पिशवी पुन्हा मांडीवर. मग ड्रायव्हरला म्हणाली, तेव्हा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "उद्या धुळ्याला जाशील ना, दादा? मला घेऊन जा."

"उद्या गाडीत केयी राहीन, अक्का."

"मी पुढे बसते."

"पुढं आमचा हमाल बसतो."

"त्याला केळीवर बसव."

"केयीवर मानूस नाही बसवत," तो दुखावून म्हणाला.

बायको आतून आली. तिचे हात कणकेने भरलेले होते. तिने डागाकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "केवढं कोंदट झालंय," असं काहीतरी पुटपुटत ती गॅलरीच्या दाराशी गेली आणि कोपराने कडी सरकवून तिने दार सताड उघडलं. पावसाचा वारा सरळ आत घुसला. पडदे उडाले, टेबलावरचा पेपर उडाला, आणि रिकामा झोका हलायला लागला.

आधी जरासा. मग चांगला हेलकावे घेऊन. कड्या करकरल्या.

अक्का खुर्चीत ताठ झाली. "रिकामा झोका हाली ऱ्हायना," ती म्हणाली. "कोनी तरी बसा रे!"

मी पुढे झालो. "ओल्या कपड्यांनी नाही!" ती ओरडली. मी नखशिखांत ओला. ड्रायव्हर माझ्याहून ओला. त्याने तर दोन पावलं मागेच घेतली. बायकोने कणकेचे हात वर करून दाखवले. झोका चालूच होता. नवं घर, पहिला दिवस, आणि मधोमध रिकामा झोका.

"दार तरी लाव!" अक्का म्हणाली.

"हात भरलेत हो," बायको म्हणाली.

अक्काने पिशवी खुर्चीत ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, चार पावलं गेली, फळी हाताने धरली, थांबवली, आणि तिच्यावर बसली. "फक्त थांबवायला," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, पाय जमिनीवर घट्ट रोवून. वारा तिच्या पांढऱ्या केसांतून जात होता. बाहेर गल्लीत रिक्षा पाण्यात अडकली होती आणि दोन जण तिला ढकलण्यावरून भांडत होते. अक्काने मान वळवून ते ऐकलं. मग तिच्या पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकेच रेटा दिला. मला वाटतं तिच्याही नकळत. झोका मागे गेला, पुढे आला. कडी करकरली. पुन्हा मागे गेला, पुन्हा करकरली.

"खोबरानं तेल लई ये," ती मला म्हणाली. "कडी वरडस."

मी तेल आणायला धावलो. बायको आत पोळ्या लाटायला गेली. गॅलरीचं दार नंतर कुणी लावलं ते आठवत नाही. ते मुळात कोंदट वाटलं म्हणून उघडलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. चांगल्या चाललेल्या संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात.

ड्रायव्हर जेवून गेला. अक्काने त्याला आग्रहाने वाढलं, आणि प्रत्येक पोळीबरोबर "केळीवाला म्हणे" असं एकदा ऐकवलं. चार दिवसांनी तो धुळ्याला निघताना दारात थांबला, तेव्हा तिने बटव्यातून किल्ली काढून त्याच्याकडे दिली. घरमालकाला दे म्हणाली, आणि परसातली केळी यंदा त्यानेच खावी असाही निरोप दिला.

डाग आहे तसाच आहे. मी लिंबू लावून पाहिलं, ड्रायव्हरने रॉकेल सुचवलं, कॉलेजातल्या एका रसायनशास्त्राच्या मित्राने लांबलचक नाव असलेलं काहीतरी सुचवलं. अक्काने कशालाच हात लावू दिला नाही. दिवाळीला तिने फळीला तेल लावलं तेव्हा पान उलट अधिक ठळक झालं. आता नवा पाहुणा आला आणि झोक्यावरच्या रेघांकडे बघून "वा, काय सुंदर नक्षी" म्हणाला, की ती त्याला सरकून जागा देते. आणि उठताना अजूनही हाताने फळी धरते, पूर्ण थांबेपर्यंत.